चतुर्दशीचा समुद्र

रविवार, ७ सप्टेंबर २०२५. लालबागच्या राजाची मिरवणूक सकाळी आठच्या सुमारास गिरगाव चौपाटीला पोहोचली, तेव्हा पाणी चढायला लागलेलं होतं. मूर्ती तराफ्यावर चढवायची तर पाणी उथळ हवं, तराफा जागेवर स्थिर हवा. दोन्ही गोष्टी तासागणिक अवघड होत गेल्या. दुपारी बाराच्या आतच समुद्र साडेचार मीटरच्या जवळपास आला. मूर्ती पाण्यात उभी, भोवती हजारो माणसं, किनाऱ्यावर क्रेन आणि पोलीस, आणि कुणालाही काही करता येण्यासारखं नाही. दुपार कलल्यावर पाणी मागं सरलं, मग मूर्ती तराफ्यावर गेली आणि रात्री नऊच्या सुमारास विसर्जन झालं.

त्या दिवशी टीव्हीवर आणि नंतरही चर्चा झाली ती कुणाचं काय चुकलं याची. माझं लक्ष मात्र घड्याळावर खिळलं होतं. त्याआधीच्या काही वर्षांत राजाचं विसर्जन दुसऱ्या दिवशी सकाळी साधारण नऊ-दहाच्या सुमारास होत आलं होतं. या वर्षी ते रात्री नऊला झालं. फरक बारा तासांचा. समुद्राच्या एका भरतीपासून दुसऱ्या भरतीपर्यंत १२ तास २५ मिनिटं जातात. म्हणजे उशीर 'तेरा-चौदा तास' असा मोघम झालेला नव्हता. एक भरती हुकली होती, आणि हुकलेल्या भरतीच्या जागी पुढची भरती येईपर्यंत जेवढा वेळ लागतो, साधारण तेवढाच वेळ लागला. समुद्राचं वेळापत्रक तास-दीड तासाच्या उशिराला तास-दीड तासाचा दंड करत नाही. तो पूर्ण बारा तासांचा करतो.

मोठ्या कार्यक्रमाची आखणी करणारे लोक एक यादी करतात: हवामान, रस्ते, कायदे, शेजारचे कार्यक्रम, आजारपण, गर्दी. आपल्या हातात नसलेल्या, पण कार्यक्रम ज्यांच्या हातात असतो अशा गोष्टी. अनंत चतुर्दशीच्या मुंबईकडे या नजरेनं पाहायला लागलो आणि मला एक विलक्षण गोष्ट दिसली. या यादीतली जी गोष्ट सगळ्यांत दूर आहे तिच्याबद्दल आपल्याला सगळ्यांत नेमकं माहीत असतं, आणि जसजसं जवळ यावं तसतसं ज्ञान धूसर होत जातं. चंद्र सरासरी ३ लाख ८४ हजार किलोमीटर दूर. तो कोणत्या मिनिटाला कुठे असेल हे शेकडो वर्षं आधी सांगता येतं. समुद्र चौपाटीला लागून. त्याची उंची वर्ष-दोन वर्षं आधी छापता येते. पाऊस ढगात. त्याचं दोन-तीन दिवस आधी, नेमकं म्हणाल तर दोन-तीन तास आधी कळतं. आणि लालबागच्या नाक्यावर मूर्तीपासून हातभर अंतरावर उभी असलेली गर्दी पुढच्या अर्ध्या तासात किती सरकेल, हे कुणालाच सांगता येत नाही.

म्हणून सुरुवात दुरून करू, चंद्रापासून.

अनंत चतुर्दशी म्हणजे भाद्रपद शुद्ध चतुर्दशी. इंग्रजी तारीख दरवर्षी बदलते: २०२३ मध्ये २८ सप्टेंबर, २०२४ मध्ये १७ सप्टेंबर, २०२५ मध्ये ६ सप्टेंबर. पण तिथी तीच, आणि तिथी म्हणजे दुसरं काही नसून चंद्र आणि सूर्य यांच्यामधलं कोनाचं अंतर. बारा अंशांची एक तिथी. चतुर्दशी म्हटलं की चंद्र सूर्यापासून जवळजवळ समोरासमोर आलेला असतो, एखाद्या दिवसाचीच कसर राहिलेली असते. आता भरतीचं पाहा. भरती कधी आणि किती, हे ठरवणारी मुख्य गोष्ट कोणती? चंद्र आणि सूर्य यांच्यामधलं हेच अंतर. उत्सवाचा दिवस ज्या कोनावरून ठरतो, समुद्राचं घड्याळही त्याच कोनावर चालतं. त्यामुळे तारीख सप्टेंबरच्या सुरुवातीला येवो की सप्टेंबरअखेर, मुंबईत अनंत चतुर्दशीला समुद्र जवळजवळ त्याच तासाला भरतो आणि त्याच तासाला ओसरतो. भरती सकाळी अकराच्या आसपास, पुन्हा रात्री अकराच्या आसपास. ओहोटी संध्याकाळी पाचच्या पुढे-मागे आणि पुन्हा पहाटे पाचच्या पुढे-मागे. गेल्या वर्षी असंच, पुढच्या वर्षी असंच, १८९३ साली गिरगावात केशवजी नाईक चाळीत सार्वजनिक गणपती बसला तेव्हाही असंच.

हे ज्याला पहिल्यांदा कळतं त्याला आश्चर्य वाटतं. पण कोकणच्या किनाऱ्यावर आणि कोळीवाड्यात हे पिढ्यान्‌पिढ्या तोंडपाठ आहे. हिशोब सोपा: तिथीची पाऊणपट करायची, की भरतीची वेळ आली. चतुर्थी, चार पाऊणे तीन, तीनला भरती. अष्टमी, आठ पाऊणे सहा, सहाला भरती. चतुर्दशी, चौदा पाऊणे साडेदहा. ६ सप्टेंबर २०२५ला मुंबईत सकाळची भरती प्रत्यक्षात अकराच्या किंचित पुढे होती. कागद नाही, यंत्र नाही, दूरदर्शक नाही. बोटांवर केलेला हिशोब अर्ध्या-पाऊण तासाच्या फरकानं बरोबर येतो. अष्टमीच्या आसपास फरक तासाच्या वर जाऊ शकतो, याचं कारण पुढे येईल. पाऊणपटीमागचं कारण तर फारच सुंदर आहे. चंद्र रोज सुमारे पन्नास मिनिटं उशिरा उगवतो, म्हणून भरतीही रोज तेवढीच पुढे सरकते, आणि पन्नास मिनिटं म्हणजे जवळजवळ पाऊण तास. पौर्णिमेचा चंद्र मध्यरात्री माथ्यावर येतो आणि मुंबईच्या बंदरात भरती साधारण त्याच सुमाराला येते. प्रत्येक बंदराचा स्वतःचा वेगळा विलंब असतो, त्यामुळे हाच हिशोब कोलकात्याला नेला तर फसेल. मुंबई-कोकणच्या लोकांनी आपल्या पाण्यापुरता तो अचूक बसवला आहे.

भरती येते कशी हे शाळेत शिकवतात, पण त्यातली गंमत बहुधा निसटते. चंद्र पाणी 'वर ओढतो' एवढंच खरं असतं तर दिवसातून एकदाच भरती आली असती. पृथ्वीच्या चंद्राकडच्या बाजूवर त्याची ओढ थोडी जास्त, मध्याशी त्याहून कमी, पलीकडच्या बाजूला आणखी कमी. या फरकामुळे पाणी दोन्ही बाजूंना फुगतं, चंद्राकडेही आणि चंद्राच्या उलट्या बाजूलाही. पृथ्वी स्वतःभोवती फिरते आणि आपला किनारा या दोन फुगवट्यांखालून जातो, म्हणून दोन भरत्या. सूर्यही हेच करतो, पण दूर असल्यामुळे त्याचा परिणाम चंद्राच्या निम्म्याहून थोडा कमी. अमावास्या-पौर्णिमेला दोघे एका रेषेत आले की परिणाम एकमेकांत मिळतो आणि उधाण येतं. अष्टमीच्या सुमाराला दोघे काटकोनात असतात, एकाचं काम दुसरा खोडतो, आणि येते ती भांगाची भरती: पाणी फार चढत नाही, फार उतरतही नाही. चंद्र-सूर्यांची ही ओढाताण भरतीची वेळही थोडी पुढे-मागे खेचते. पाऊणपटीचा हिशोब अष्टमीला जास्त चुकतो तो म्हणूनच.

आता ७ सप्टेंबर २०२५कडे पुन्हा पाहा. त्या रात्री खग्रास चंद्रग्रहण होतं. ९ वाजून ५७ मिनिटांनी चंद्राला पृथ्वीच्या सावलीचा स्पर्श झाला, अकराच्या सुमारास तो पूर्ण झाकला गेला आणि तांबूस झाला. राजाचं विसर्जन होऊन तासभरही झाला नव्हता. ग्रहणाच्या दिवशी विसर्जन झालं याची लोकांना रुखरुख लागली, त्यावर बरंच बोललं-लिहिलं गेलं. त्या भावनेबद्दल मला आदर आहे. पण त्यात दडलेलं गणित मला अधिक थक्क करतं. ग्रहण होतं ते सूर्य, पृथ्वी आणि चंद्र अगदी नेमक्या एका रेषेत आल्यावर, आणि उधाण येतं तेही याच रेषेमुळे. सकाळी ज्या मांडणीनं चौपाटीवर पाणी चढवलं, त्याच मांडणीनं रात्री चंद्र झाकला. त्यात चंद्र पृथ्वीच्या सगळ्यांत जवळच्या बिंदूकडे निघालेला होता. १० सप्टेंबरला तो तिथे पोहोचला. अंतर थोडंसं जरी कमी झालं तरी भरतीवर परिणाम ठळक होतो, कारण भरतीचं बळ अंतराच्या वर्गाच्या नव्हे, घनाच्या व्यस्त प्रमाणात बदलतं.

हे सगळं आकाशातलं. पण हाच चंद्र गोव्यावरही असतो, केरळवरही. तिथे हा प्रश्न इतका तीव्र का होत नाही? कारण समुद्राचा तळ. मुंबईसमोर उथळ तळाचा पट्टा सुमारे तीनशे किलोमीटर रुंद आहे. दक्षिणेकडे तो अरुंद होत जातो. परातीत पाणी घेऊन ती ठरावीक लयीत हलवली की काठाशी पाणी अपेक्षेहून जास्त चढतं, तसंच काहीसं या रुंद, उथळ पट्ट्यावर होतं. खोल समुद्रातून आलेली भरतीची लाट इथे उंचावत जाते. उत्तरेला खंबातचं आखात नरसाळ्यासारखं निमुळतं होत जातं, म्हणून भावनगरजवळ भरती-ओहोटीतला फरक दहा मीटरांच्या घरात जातो. मुंबईत उधाणाला तो चारच्या आसपास, गोव्यात सुमारे दोन मीटर, कोचीला जेमतेम एक. मुंबईची माणसं ज्याला 'समुद्राचा स्वभाव' म्हणतात, त्यातला बराचसा भाग तीनशे किलोमीटर पसरलेल्या या न दिसणाऱ्या ओट्याचा आहे.

आणि यातून आणखी एक गोष्ट निघते. ती माझ्या नजरेत भरली तेव्हा मी पंचांग घेऊन बराच वेळ ताडून पाहत बसलो होतो. गणपती कधी दीड दिवसाचे, कधी पाच, सात, अकरा दिवसांचे. गौरीबरोबर जाणारे वेगळे. आपण हे घराण्याची रीत म्हणून पाहतो. पण समुद्राच्या बाजूनं पाहिलं तर प्रत्येक विसर्जनाला वेगळा समुद्र मिळतो. दीड दिवसाचे गणपती पंचमीला जातात: भरती दुपारी चारच्या आसपास, संध्याकाळी पाणी ओसरत चाललेलं, काळोख पडेपर्यंत वाळू उघडी पडत जाते. पाच दिवसांचे आणि गौरीबरोबरचे जातात अष्टमी-नवमीच्या सुमाराला: भांगाचं पाणी, चढ-उतार कमी, समुद्र त्यातल्या त्यात शांत. सात दिवसांचे दशमीला, अजूनही भांगाच्याच छायेत. आणि अनंत चतुर्दशीचे, म्हणजे नेमके सगळ्यांत उंच मूर्तींचे गणपती, उधाणाच्या तोंडावर. सगळ्यांत जड मूर्ती आणि सगळ्यांत मोठं पाणी एकाच रात्री समोरासमोर येतात. कुणी ठरवून असं केलेलं नाही. तिथी आली की पाणी आपोआप मागून येतं.

घरच्या लहान मूर्तीला भरती-ओहोटीनं फार फरक पडत नाही. चार पावलं जास्त चालायचं किंवा कमी. उंच मूर्तीचं मात्र सगळं गणित पाण्यावर आहे. ट्रॉली वाळूत रुतू नये म्हणून महापालिका चौपाटीवर लोखंडी प्लेट्स अंथरते. तरी ट्रॉली पाण्यात किती आत जाणार याला मर्यादा असतेच. म्हणून मूर्ती तराफ्यावर घ्यायची ती ओहोटीला, पाणी उथळ आणि तराफा जवळजवळ टेकलेला असताना. मग वाट पाहायची. भरती येऊ लागली की तेच पाणी तराफा उचलतं, आणि होड्या तो ओढून खोल पाण्यात नेतात. टनावारी वजन उचलण्याचं काम शेवटी समुद्रच करतो. त्याच्यापुढे क्रेन ती काय! पहाटे पाचची ओहोटी, मग चढतं पाणी, मग सकाळी नऊ-दहाला विसर्जन ही साखळी अशी जुळते. ती चुकली तर संध्याकाळी सहाच्या आसपासची ओहोटी, मग चढतं पाणी, मग रात्री नऊ. २०२५चा दिवस या दुसऱ्या साखळीवर तंतोतंत बसतो.

भरतीच्या वेळा मिनिटानिशी छापून येतात त्यामागेही एक अद्भुत गोष्ट आहे. मुंबईत अपोलो बंदरला १८७८ पासून समुद्राची पातळी मोजली जाते आहे. जगातल्या जुन्या नोंदींमध्ये तिची गणना होते. या मोजमापांवरून पुढच्या वर्षाची भरती काढायची, तर चंद्र-सूर्यांच्या अनेक लहान-मोठ्या लयी एकत्र मिळवाव्या लागतात: एक बारा तासांच्या जरा वर, एक बरोबर बारा तासांची, एक चोवीसच्या आतबाहेर, एक पंधरवड्याची, अशा कितीतरी. हाताने हे गणित करायला माणूस खचून गेला असता. म्हणून १८७९ मध्ये लंडनमध्ये खास हिंदुस्थानच्या बंदरांसाठी एक यंत्र बनवलं गेलं. लॉर्ड केल्विन यांच्या कल्पनेवर आधारलेलं, एडवर्ड रॉबर्ट्स यांच्या देखरेखीखाली तयार झालेलं. पितळी चाकं आणि कप्प्या, आणि सगळ्यांवरून जाणारी एकच तार. एकेक चाक एकेका लयीचं. हॅंडल फिरवलं की प्रत्येक कप्पी आपल्या लयीनं वर-खाली होते, तार त्या सगळ्यांची बेरीज करते आणि तिच्या टोकाची लेखणी कागदावर समुद्राची येणारी उंची रेखाटते. थेम्सच्या काठी बसून कुणीतरी मुंबईचा पुढच्या वर्षीचा समुद्र फिरवून काढत होतं! आज हेच काम संगणक करतो, आणि डेहराडूनच्या भारतीय सर्वेक्षण विभागाकडून भरतीची कोष्टकं प्रसिद्ध होतात. लयी मात्र त्याच आहेत.

कोष्टकाला एकच गोष्ट ठाऊक नसते: हवा. कोष्टक म्हणजे चंद्र-सूर्यांचा समुद्र, त्यात वारा नाही. भाद्रपदात अरबी समुद्रावर नैर्ऋत्येचा वारा असतो. तो जोर धरतो तेव्हा पाणी किनाऱ्यावर लोटतो आणि त्याच घटकेला पातळी कोष्टकाहून वर राहते. हवेचा दाब कमी झाला तर समुद्र वर येतो, दर हेक्टोपास्कलला साधारण एक सेंटिमीटर. आकडा लहान वाटतो. पण मंद उताराच्या वाळूवर पाण्याची पातळी थोडी वर असली, की पाण्याची कड बरीच अलीकडे येते. म्हणजे ओहोटीची वेळ बदलत नाही, पण काम करायला मिळणारा वेळ दोन्ही टोकांनी कमी होतो. कोळी बांधव आकाशाकडे, लाटेच्या फेसाकडे पाहून जे बोलतात ते नेमकं याच फरकाबद्दल असतं. त्यांचं ज्ञान आणि कोष्टक एकमेकांविरुद्ध नाहीत. कोष्टक जिथे थांबतं तिथून त्यांचं ज्ञान सुरू होतं. चौपाटीवरच्या नियोजनाच्या टेबलाशी दोघांनाही मानाची जागा हवी, असं मला मनापासून वाटतं.

पावसाकडे येऊ. मुंबईतून मोसमी पाऊस परतण्याची सर्वसाधारण तारीख ८ ऑक्टोबर. म्हणजे गणेशोत्सव कितीही उशिरा आला तरी पावसाळ्यातच. पाऊस नुसता भिजवत नाही, त्याचं समुद्राशी साटंलोटं आहे. मुंबईच्या पर्जन्यजलवाहिन्यांची अनेक तोंडं भरतीच्या पातळीच्या खाली आहेत. भरती असताना ती बंद ठेवावी लागतात, नाहीतर समुद्रच गटारातून शहरात शिरतो. तेवढ्या वेळात पाऊस पडला तर पाणी जाणार कुठे? २६ जुलै २००५ला सांताक्रूझमध्ये ९४४ मिलीमीटर पाऊस झाला, आणि दुपारी समुद्रात साडेचार मीटरच्या जवळपास भरती होती. दोन्ही एकत्र आली नसती तर तो दिवस इतका भीषण झाला नसता. आता चतुर्दशीचं घड्याळ आठवा: भरती सकाळी अकराला आणि रात्री अकराला. परळ-लालबागच्या मिरवणुका निघण्याची वेळ एका भरतीजवळ, त्यांची ऐन भराची वेळ दुसरीजवळ. नेमक्या त्याच तासांत जोराची सर आली तर हिंदमाताचा सखल भाग तुंबतो. पहाटे पाचला तीच सर आली तर पाणी समुद्राकडे झरझर निघून जातं. २९ ऑगस्ट २०१७ हा पाच दिवसांच्या गणपतींच्या विसर्जनाचा दिवस होता. त्या दिवशी सांताक्रूझला तीनशे मिलीमीटरांहून जास्त पाऊस पडला, शहर थांबलं. अष्टमीच्या सुमाराचं भांगाचं पाणी होतं, म्हणून समुद्रानं निदान जास्तीचा घाला घातला नाही. कुलाबा आणि वेरावलीची रडार आता ढग येताना दाखवतात, पण दोन-तीन तासांपलीकडे नेमक्या गल्लीचा पाऊस आजही सांगता येत नाही.

पुण्यात भरती नाही, धरण आहे. खडकवासल्यातून मुठेत किती पाणी सोडलं यावर घाटांवरचं विसर्जन अवलंबून. तिथला चंद्र म्हणजे पाटबंधारे खात्याचा दरवाजा, आणि तो दूरध्वनीवर विनंती ऐकू शकतो. तेवढी सवलत मुंबईला नाही.

वाळूतल्या पाहुण्यांचं थोडक्यात सांगतो. पाकट मासे उथळ पाण्यात वाळूत अंग पुरून पडून असतात. २०१३ साली गिरगावच्या पाण्यात अनेक भाविकांच्या पायाला त्यांच्या शेपटीचा काटा लागला, तेव्हापासून महापालिका दरवर्षी सूचना देते. उपाय साधा आहे: पाऊल उचलून टाकण्याऐवजी वाळूवरून घसटत न्यायचं, म्हणजे माशाला आधीच चाहूल लागते आणि तो निघून जातो. काटा लागलाच तर सोसेल इतक्या गरम पाण्यात पाय ठेवायचा. या विषातली प्रथिनं उष्णतेनं निकामी होतात.

आता जमिनीवरची, माझ्या मते सगळ्यांत कमी चर्चिलेली गोष्ट: पूल. लालबाग-परळचा भाग रेल्वेच्या रुळांनी चिरलेला आहे, त्यामुळे मिरवणुकीला पूल ओलांडावेच लागतात. करी रोड, चिंचपोकळी, भायखळा इथले पूल जुने. काहींवर एका वेळी १६ टनांहून जास्त भार नको, अशी सूचना दरवर्षी निघते. सोळा टन म्हणजे साधारण अडीचशे माणसं. एका मंडळाचं एक ढोलपथक आणि भोवतालचे कार्यकर्ते यातच हा आकडा संपतो. सूचनेत आणखी एक वाक्य असतं, ते वाचून पुष्कळ तरुण हिरमुसतात: पुलावर नाचू नका, ध्वनिक्षेपक वाजवू नका, थांबू नका. वजनाचं समजतं, पण नाचाचं काय?

याचं उत्तर १८३१ सालच्या इंग्लंडमध्ये आहे. मँचेस्टरजवळच्या ब्रॉटन इथल्या झुलत्या पुलावरून सैनिकांची एक तुकडी कदमतालात चालली होती. पूल त्यांच्या पावलांच्या लयीत हेलकावू लागला. सैनिकांना मजा वाटली, त्यांनी पावलं आणखी जोरात टाकली, आणि पूल कोसळला. त्यानंतर सैन्यात पूल आला की ताल मोडायचा हुकूम रूढ झाला. प्रत्येक पुलाची स्वतःची एक लय असते. तिच्याशी जुळणाऱ्या लयीत अगदी हलके धक्के दिले तरी ते एकमेकांत साठत जातात. गर्दी नुसती चालत असते तेव्हा प्रत्येकाची पावलं वेगवेगळ्या वेळी पडतात आणि धक्के एकमेकांना खोडतात. ढोल हे खोडणं बंद करतो. शेकडो पावलं एका ठेक्यावर पडायला लागतात. लंडनचा मिलेनियम पूल जून २००० मध्ये खुला झाला आणि दोन दिवसांत बंद करावा लागला. तिथे तर कुणी वाजवतही नव्हतं. पूल किंचित डुलला, तोल सावरायला लोकांची पावलं आपोआप त्याच्या लयीत पडली, आणि पूल आणखी डुलला. जुन्या दगडी-लोखंडी पुलाचा स्वभाव झुलत्या पुलासारखा नसतो हे खरं. पण शंभरी गाठलेल्या सांध्यांवर हा प्रयोग कुणी करू नये. त्या सूचनेच्या कागदामागे लयीचं हेच शास्त्र उभं आहे. समुद्र चंद्राच्या लयीनं हलतो, पूल ढोलाच्या. गणित एकाच कुळातलं.

आणि गर्दी. लालबागहून गिरगावला एरवी टॅक्सीनं अर्ध्या-पाऊण तासात जाता येतं. मिरवणुकीला रात्रभर आणि वर कितीतरी तास लागतात. का, तर प्रत्येक चौकात कुणाला तरी दर्शन घ्यायचं असतं, फुलं उधळायची असतात, लेकराला उंच धरायचं असतं. भक्तीची गती मिनिटांत मोजता येत नाही, ती येऊ नये असंही मला वाटतं. पण पहाटे पाचची ओहोटी गाठायची, तर मूर्ती साडेचारला वाळूवर हवी, आणि त्यासाठी आदल्या दिवशीचा प्रत्येक चौक हिशोबात धरावा लागतो. समुद्राचा आकडा वर्षभर आधी छापून ठेवलेला आहे. ज्याचा अंदाज बांधायचा, तो सगळा माणसांचा.

माणसांचा अंदाज बांधता येत नाही, पण माणसांना विचारता येतं, आणि चंद्राला विचारता येत नाही. या फरकाचं मला भेटलेलं सगळ्यांत उमदं उदाहरण कॅलेंडरातच आहे. ईद-ए-मिलाद ही रबी-उल-अव्वल महिन्याच्या बाराव्या तारखेला येते. हिजरी महिना चंद्रकोर दिसल्यावर सुरू होतो, आणि कोर दिसते प्रतिपदा-द्वितीयेच्या संध्याकाळी. त्यामुळे बारावी तारीख पडते शुद्ध त्रयोदशी-चतुर्दशीच्या आसपास. म्हणजे रबी-उल-अव्वल आणि भाद्रपद हे महिने एकावर एक आले, की ईद-ए-मिलाद आणि अनंत चतुर्दशी शेजारी शेजारी येणारच. दोन्ही जुलूस एकाच चंद्राखाली, एकाच शहराच्या त्याच रस्त्यांवर. २०२३ मध्ये दोन्ही एकाच दिवशी आले, २८ सप्टेंबरला. मुंबईतल्या मुस्लिम संघटनांनी आपला जुलूस २९ तारखेला काढायचं ठरवलं, आणि सरकारनं त्या दिवशी सुट्टी जाहीर केली. २०२४ मध्ये ईद १६ सप्टेंबरला आणि चतुर्दशी १७ला, मुंबईतली सुट्टी १८ला नेली गेली. २०२५ मध्ये ईद ५ सप्टेंबरला, चतुर्दशी ६ला, आणि सुट्टी ८ला.

हे शेजारपण कायमचं नाही. चांद्रवर्ष सौरवर्षाहून सुमारे अकरा दिवसांनी लहान. आपलं पंचांग साधारण तीन वर्षांनी अधिक महिना घालून हा फरक भरून काढतं. हिजरी कालगणना भरून काढत नाही, म्हणून तिचे महिने सगळ्या ऋतूंमधून फिरत राहतात. २०२६ मध्ये आपल्याकडे अधिक ज्येष्ठ आला, गणेश चतुर्थी १४ सप्टेंबरला गेली आणि अनंत चतुर्दशी २५ला, तर ईद-ए-मिलाद ऑगस्टच्या अखेरीस. दोन्ही महिने इथून एकमेकांपासून दूर सरकत जातील, सगळं वर्षचक्र पार करतील, आणि साधारण बत्तीस-तेहतीस वर्षांची फेरी पूर्ण करून २०५६च्या सुमाराला पुन्हा एकाच आठवड्यात येतील. त्या वर्षी मुंबईची आखणी करणाऱ्यांच्या टेबलावर भरतीचा आकडा आजच्यासारखाच असेल, सकाळी अकराच्या आसपासचा. जुलूस कोणत्या दिवशी काढायचा, हे मात्र त्यांना एकमेकांना विचारूनच ठरवावं लागेल.